क्षण दिसेपर्यंत उशीर झालेला असतो : कॅन्डिड स्ट्रीट फोटोग्राफी शिकणाऱ्यांसाठी

सुरुवातीला एक हिशेब मांडू. डोळ्यांना काही दिसल्यापासून बोटाने बटण दाबेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, आणि तोही काय दिसणार हे आधीच ठरलेलं असताना. रस्त्यावर मध्ये आणखी एक प्रश्न घुसतो: हे टिपण्यासारखं आहे का? त्यात अजून वेळ जातो. नेहमीच्या चालीने जाणारा माणूस सेकंदाला जवळपास १.४ मीटर अंतर कापतो. म्हणजे तुम्ही दाबेपर्यंत तो फूटभर तरी पुढे सरकलेला असतो. उचललेलं पाऊल टेकलेलं असतं, वळलेली मान सरळ झालेली असते, हसू ओसरलेलं असतं.

म्हणून स्ट्रीट फोटोग्राफीत, म्हणजे रस्त्यावरच्या माणसांना पोझ द्यायला न लावता सहज टिपण्यात, ज्याला 'इन्स्टिंक्ट' म्हणतात, त्यात मला चपळाईपेक्षा अंदाज जास्त दिसतो. घडताना दिसलं म्हणून दाबलेला फोटो बहुतेक वेळा उशिराचा निघतो. घडणार असं वाटलं म्हणून दाबलेल्या फोटोला संधी असते. हा अंदाज उपजतच असावा लागतो, असं नवख्यांना सांगणाऱ्यांचं मला मुळीच पटत नाही. तो सरावाने येतो, आणि सराव कसला करायचा हेही नेमकं सांगता येतं.

१. कॅमेरा घरीच लावून निघा

रस्त्यावर उभं राहून मेनू चाळत बसलं की नजर माणसांवरून उठते. तेव्हा सेटिंग घरून करून निघायचं आणि तासभर तरी त्याला हात लावायचा नाही.

दिवसाउजेडी मॅन्युअल मोड, अ‍ॅपर्चर एफ/८ (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक; आकडा लहान तितकं ते मोठं), शटर १/५०० सेकंद (उजेड आत येण्याचा वेळ), आयएसओ ऑटो (उजेडाला किती संवेदनशील राहायचं ते कॅमेराच ठरवतो). एवढ्यावर बहुतेक दिवस निभावतो. तुम्ही स्वतः उभे असाल तर चालणाऱ्या माणसांसाठी १/२५० पुरतं. तुम्हीही चालत असाल तर १/५०० च्या खाली जाऊ नका. ऑटो आयएसओची वरची मर्यादा ६४०० ठेवायला घाबरू नका. फोटोत थोडा दाणा आला तरी बघणारा तो माफ करतो, पण हाताच्या हिसक्याने पुसट झालेला चेहरा काही केल्या परत येत नाही. संध्याकाळ झाली की एफ/२.८ किंवा एफ/४ आणि १/२५० वर या.

आता फोकस. ऑटोफोकसवर सगळा भार टाकला की कधीतरी नेमक्या वेळी तो मागच्या भिंतीवर जाऊन बसतो. त्याला जुना आणि खात्रीचा पर्याय म्हणजे झोन फोकसिंग, म्हणजे फोकस एका अंतरावर आधीच पक्का करून ठेवणं. फुल फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मच्या फ्रेमएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ३५ मिमीची लेन्स एफ/८ ला ठेवून ३ मीटरवर फोकस केला, तर साधारण १.९ मीटरपासून ७ मीटरपर्यंतचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. त्या पट्ट्यात माणूस आला की फक्त दाबायचं. लेन्सवर अंतराचे आकडे नसतील तर ३ मीटरवरच्या एखाद्या वस्तूवर फोकस करून कॅमेरा मॅन्युअल फोकसवर टाका आणि रिंगला धक्का लागू देऊ नका. संध्याकाळी अ‍ॅपर्चर उघडलं की हा पट्टा बराच अरुंद होतो, तेव्हा ऑटोफोकसकडे परत जाणंच शहाणपणाचं. मोबाइलचा सेन्सर इतका छोटा असतो की त्याच्या मुख्य कॅमेऱ्यात ही चिंता फारशी उरतच नाही. तिथे पोर्ट्रेट मोड तेवढा बंद ठेवा.

आणखी दोन गोष्टी. फोटो काढल्यावर स्क्रीनवर तो आपोआप दिसतो, ते बंद करा. मान खाली घालून झालेला फोटो बघत असता तेव्हा पुढचा निसटतो. आणि कॅमेरा झोपी जाण्याची वेळ वाढवून ठेवा, कारण जागा व्हायला तो घेतो ती दोन सेकंदं रस्त्यावर फार मोठी असतात.

२. एकच लेन्स, आणि तिची चौकट पाठ

झूमने सुरुवात करू नये असं माझं ठाम मत आहे. झूम लावली की प्रत्येक फोटोआधी 'किती जवळ घेऊ' हा प्रश्न येतो, आणि आपल्याला नेमके प्रश्नच कमी करायचे आहेत. २८, ३५ किंवा ५० मिमी, यांतली कुठलीही एक निवडा आणि निदान काही महिने तिच्याशी इमान राखा.

३५ मिमीचं एक सोपं गणित आहे. फुल फ्रेमवर आडव्या फोटोत जितकं अंतर, जवळपास तितकीच चौकटीची रुंदी. ३ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाभोवती ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच चौकट मिळते. माणूस डोक्यापासून पायापर्यंत मावतो आणि दोन्ही बाजूंना जागा उरते. ५० मिमीला रुंदी अंतराच्या पाऊणपटीहून किंचित कमी. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याला ती साधारण सव्वा ते दीडपट.

हे गणित डोक्यात न राहता अंगात उतरायला हवं. त्यासाठी घरातच उभं राहा, कॅमेरा खाली ठेवून मनाशी सांगा की डावी कड कपाटाच्या मुठीवर येईल आणि उजवी खिडकीच्या मध्यावर. मग कॅमेरा डोळ्याला लावून पडताळा. चूक निघाली तर अर्धं पाऊल मागे-पुढे करा आणि पुन्हा सांगा. १.५, २ आणि ३ मीटर ही अंतरंही अशीच डोळ्याने ओळखायला शिका. आपल्या पावलांत ती किती भरतात ते एकदा मोजून ठेवा. काही दिवसांत कॅमेरा वर जाण्याआधीच चौकट दिसायला लागते. असं झालं की कॅमेरा डोळ्याला लावल्यावर करायचं काही उरत नाही, दाबण्याशिवाय.

३. कॅमेरा न नेता बघायला जा

हा भाग सगळ्यांत मोलाचा, आणि बहुतेक जण नेमका हाच गाळतात. बसस्टॉप, मोठा जिना, चौक, जिथे माणसं थांबतात आणि पुन्हा हलतात अशा कुठल्याही जागी अर्धा तास रिकाम्या हातांनी बसा. शरीर काहीही करण्याआधी वर्दी देतं. ती ओळखायची आहे.

बाकावर बसलेला माणूस उठणार असेल तर आधी पाय मागे ओढून घेतो, मग धड पुढे झुकतं. चालता चालता कुणी वळणार असेल तर आधी नजर जाते, मग मान, मग खांदे. पावलं सगळ्यांत शेवटी. सिग्नलला थांबलेल्या घोळक्यात दिवा बदलण्याआधीच एकदोघांचा भार पुढच्या पायावर आलेला असतो. ओळखीचं माणूस लांबून दिसलं की हात वर जाण्याआधी भुवया उडतात. बराच वेळ थांबलेला माणूस घड्याळ बघतो, रस्त्याच्या टोकाकडे बघतो, पुन्हा घड्याळ बघतो. तिसऱ्या खेपेला तो काय करणार हे तुम्हाला त्याच्या आधी कळलेलं असतं.

मग हा सराव करा. लांबून येणारा एक माणूस निवडा. चालताना पाय सगळ्यांत जास्त फाकतात ते पुढची टाच टेकते तेव्हा. फोटोत चाल दिसते ती याच घटकेला. दोन्ही पाय एकमेकांजवळून जात असताना टिपला तर तोच माणूस एका पायावर अवघडून उभा असल्यासारखा वाटतो. तर प्रत्येक वेळी टाच टेकताना मनात 'आता' म्हणा. सेकंदाला जवळपास दोन पावलं पडतात, त्यामुळे सुरुवातीला तुमचं 'आता' टाच टेकून गेल्यावर येईल. चिडू नका. थोड्या वेळाने तुम्ही बघून म्हणणं सोडता आणि त्या माणसाच्या तालावर म्हणायला लागता. समेवर मान हलवणारा श्रोता सम ऐकू आली म्हणून मान हलवत नाही, ती कुठे पडणार हे त्याला आधीच जाणवलेलं असतं. 'आता' टाचेबरोबर पडायला लागलं की पाव सेकंदाची अडचण सुटली. पुढे हात, मान, नजर, सगळ्यांना हाच सराव लागू होतो.

अंदाजात आणखी एक भाग असतो: कुठला क्षण हवा आहे? नवखा माणूस बहुधा कृती पूर्ण होण्याची वाट बघतो. पावसाची पहिली सर आली आहे आणि समोर एक बाई छत्री उघडू पाहतेय, असं समजा. एका हातात पिशवी, ती आधी कोपरात सरकवते. छत्री छातीशी धरते. अंगठ्याने बटण दाबते, ते पहिल्यांदा लागत नाही. दुसऱ्यांदा दाबताना ती चेहरा बाजूला फिरवते, डोळे घट्ट मिटते, खांदे कानांपर्यंत येतात. मग छत्री फटकन उघडते आणि चेहरा तिच्याआड जातो. उघडलेल्या छत्रीची वाट बघणाऱ्याच्या हाती एक छत्री लागते. मिटलेले डोळे आणि आक्रसलेले खांदे मिळवायचे असतील तर बोट हलायला हवं ते पहिल्यांदा बटण लागत नाही तेव्हा. कृतीच्या आधीचा आणि नंतरचा क्षण कृतीहून जास्त बोलका असतो, असं मला पुन्हा पुन्हा आढळलं आहे. दार उघडण्याआधीचा श्वास, निरोप देऊन झाल्यावर हवेत तसाच राहिलेला हात.

४. जागा आधी, माणूस नंतर

सहजपणे टिपायचं म्हणजे वाट फुटेल तिकडे भटकायचं, असा समज असतो. भटकावंच, पण सुरुवातीच्या दिवसांत उभं राहणं जास्त शिकवतं. मागची पार्श्वभूमी आणि उजेड तुम्ही निवडलात की निम्मं चित्र तयार होतं आणि मन फक्त येणाऱ्या माणसाकडे लावता येतं.

दोन इमारतींच्या मधून येणारी उन्हाची तिरीप ही शिकायला उत्तम जागा. मागची भिंत सावलीत, मध्ये उजेडाचा अरुंद पट्टा. काळोखी पार्श्वभूमी कॅमेऱ्याला फसवते आणि उन्हातला चेहरा पांढराफटक जळतो, तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) एक स्टॉप खाली, म्हणजे निम्म्या उजेडावर घ्या, किंवा उजेडातल्या जमिनीवर मोजून एक्स्पोजर पक्कं करून टाका. मग थांबा. सावलीतून उजेडात पाऊल पडलं की माणसं डोळे बारीक करतात, कुणी कपाळावर हात धरतं, कुणाची मान खाली जाते. कोण येणार हे ठाऊक नसतं, पण तो त्या पट्ट्यात शिरताना काय करेल हे पाचसहा माणसांनंतर कळू लागतं.

फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनमागचा १९३२ सालचा फोटो यासंदर्भात नीट बघण्यासारखा आहे. साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी मारतोय, टाच पाण्याला लागायला केसभर अंतर उरलंय, खाली त्याचं प्रतिबिंब, आणि मागच्या भिंतीवरच्या पोस्टरात तशीच झेपावणारी एक आकृती. फोटो कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीतून काढलेला आहे. फट लेन्सपेक्षा अरुंद असल्याने डावीकडचा भाग अडला आणि पुढे तो क्रॉप करावा लागला. नशिबाचा वाटा यात मोठा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण माणूस यायच्या आधी लेन्स फटीला लागलेली होती.

पंधरावीस मिनिटांत त्या जागेने काहीच दिलं नाही तर निघा. चालताना गर्दीच्या उलट दिशेने चाला, म्हणजे चेहरे समोरून येतात. आणि सावकाश चाला. नवख्यांना हे फार जड जातं, कारण नुसतं रेंगाळणारा माणूस सगळ्यांच्या नजरेत येतो असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात घाईने वळणारा आणि मध्येच थबकणारा माणूस जास्त लक्षात येतो.

५. दाबा, कारण नंतर शोधा

आता खरी गोष्ट. पट्टा मनगटाला गुंडाळलेला, कॅमेरा चालू, छातीच्या उंचीवर, बोट बटणावर. काहीतरी ओढ वाटली की कॅमेरा वर न्या आणि दाबा. 'यात काय आहे?' हा प्रश्न त्या वेळी मनात आला तर त्याला उत्तर देऊ नका. उत्तर शोधायला घरी भरपूर वेळ असतो. ओढ खोटी निघाली तर एक फ्रेम वाया जाते, एवढंच. ओढ दाबून टाकली तर मात्र पुढच्या वेळी ती थोडी उशिरा येते, त्याच्या पुढच्या वेळी आणखी उशिरा. फोटो वाया जाण्यापेक्षा हे नुकसान मला फार मोठं वाटतं.

पहिल्या फ्रेमनंतर कॅमेरा खाली घेऊ नका. प्रसंग जिवंत असेल तर त्याच्यासोबत राहा, अर्धं पाऊल सरका, दुसरी घ्या, तिसरी घ्या. पहिली फ्रेम बहुधा 'दिसलं' एवढंच सांगते.

बर्स्ट मोड (बटण दाबून धरलं की एकामागोमाग फ्रेम काढणारा) लावू का, असं हमखास विचारलं जातं. शिकताना नको. सेकंदाला दहा फ्रेम काढल्या तरी दोन फ्रेममध्ये एक दशांश सेकंदाची फट राहतेच, आणि क्षण निवडायचं काम यंत्रावर टाकलं की तुमचा ताल तयार होत नाही. पुढे, काय हवंय ते कळल्यावर, खुशाल वापरा.

कमरेजवळ कॅमेरा धरून न बघता दाबायची सवयही लावून घेऊ नका. त्यात कडा हातातून जातात आणि डोळा शिकत नाही. अमेरिकन स्ट्रीट फोटोग्राफर व्हिव्हियन मायर यांचे अनेक फोटो कमरेच्या उंचीवरून काढलेले आहेत, असं उदाहरण यावर दिलं जातं. पण त्यांचा रोलायफ्लेक्स हा वरून आत बघायचा कॅमेरा होता. मान खाली घालून त्या पूर्ण चौकट बघत होत्या. तुमच्या कॅमेऱ्याची स्क्रीन वर वळत असेल तर तुम्हीही तसं करू शकता. बघून दाबताय ना, एवढंच महत्त्वाचं.

६. समोरचा माणूस

भीती वाटणारच. ती जायची वाट बघत बसू नका, तिच्यासकट सुरुवात करा. जत्रा, मिरवणूक, पर्यटकांची गर्दी अशा ठिकाणी कॅमेरा कुणाला खटकत नाही. पहिले काही दिवस तिथेच काढा.

लपून काढण्याचा मोह मात्र टाळा. चोरट्या हालचाली लोकांना पटकन जाणवतात आणि त्यांचा राग रास्त असतो. कॅमेरा उघडपणे वर न्या, फोटो काढून झाल्यावर दचकून खाली घेऊ नका. नजरानजर झाली तर हसा, मान लववा. कुणी विचारलं तर खरं सांगा, फोटो दाखवा. पुसायला सांगितलं तर माझ्या मते पुसावा, कायदा तुमच्या बाजूने असला तरी.

कायदा देशागणिक वेगळा आहे. फ्रान्समध्ये माणसाचा स्वतःच्या प्रतिमेवरचा हक्क बराच जपला जातो. अमेरिकेत सार्वजनिक जागी दिसणाऱ्या माणसाचा फोटो काढायला सहसा आडकाठी नसते. तुम्ही जिथे फोटो काढता तिथला नियम बघून घ्या, आणि फोटो जाहिरातीसाठी वापरायचा असेल तर त्या माणसाची लेखी परवानगी लागते असं धरूनच चाला.

अमेरिकन फोटोग्राफर वॉकर इव्हान्स यांनी १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाखाली कॅमेरा लपवून प्रवाशांचे फोटो काढले. लेन्स कोटाच्या दोन बटणांमधून डोकावत असे. त्या फोटोंचं पुस्तक मात्र १९६६ साली आलं. ते चेहरे विलक्षण आहेत, आणि तरीही ती पद्धत नवख्याने उचलू नये असं मला वाटतं. तेव्हा फोटो लोकांसमोर यायला पंचवीस वर्षं लागली. आज पंचवीस सेकंदांत तो त्या माणसाच्या शेजाऱ्यापर्यंत पोचतो. रडणारा, आजारी, नशेत असलेला, रस्त्यावर झोपलेला माणूस आणि एकटं मूल, इथे बोटाने हट्ट धरला तरी थांबायचं. अंगवळणी पडलेल्या सवयीलाही ही मर्यादा आधीपासून शिकवता येते. ती घरून ठरवून निघा, म्हणजे त्या क्षणी वाद घालावा लागत नाही.

७. घरी आल्यावर

त्याच दिवशी फोटो निवडू नका. फोटो काढताना किती मजा आली, किती भीती वाटली, हे आठवत असतं तोवर फोटोत खरोखर काय आहे ते दिसत नाही. अमेरिकन स्ट्रीट फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड फिल्मचे रोल मुद्दाम बराच काळ धुवत नसत, याच कारणासाठी. १९८४ साली ते गेले तेव्हा त्यांचे २,५०० च्या वर रोल न धुतलेले निघाले. एवढी थांबायची गरज नाही. एक-दोन आठवडे पुरेत.

थोडेच चांगले निघणार, हेही गृहीत धरा. फोटोग्राफर रॉबर्ट फ्रँक यांनी १९५५ ते १९५७ या काळात अमेरिकाभर फिरून २७ हजारांच्या आसपास फ्रेम काढल्या. त्यांतले ८३ फोटो त्यांच्या 'द अमेरिकन्स' या पुस्तकात आले.

चांगले निवडून झाले की फसलेल्यांकडे वळा, शिकवणारे तेच असतात. तिथे चांगला-वाईट न म्हणता प्रत्येकावर तीनांपैकी एक शेरा मारा: 'लवकर', 'उशिरा' किंवा 'वेळ बरोबर, कडा बिघडल्या'. शेजारच्या फ्रेमही उघडा आणि क्षण नेमका कुठल्या दोघींमध्ये सांडला ते शोधा.

शेऱ्यांत 'उशिरा' जास्त असतील, आणि सुरुवातीला तेच जास्त असतात, तर तिसऱ्या पायरीवर परत जाऊन टाचेचा सराव करा. कॅमेरा हातात धरायच्या उंचीकडेही बघा, कारण पोटाशी लोंबणारा कॅमेरा वर यायलाच वेळ खातो. 'लवकर' जास्त असतील तर खूश व्हा. अंदाज यायला लागला आहे, आता पहिल्या फ्रेमनंतर थांबून राहण्याची सवय तेवढी लावायची. वेळ साधतेय पण कुणाच्या डोक्यातून खांब उगवतोय, कुणाचं पाऊल खालच्या कडेला कापलं जातंय, असं दिसलं तर पुढचे काही दिवस बाहेर जाताना त्याच एका लेन्सने फक्त रिकाम्या जागा टिपा, आणि प्रत्येक वेळी कॅमेरा वर नेण्याआधी चारही कडा मनाशी सांगा.